चाकाचा आऊट

बेगडेवाडी स्टेशनपर्यंत सायकलने येऊन पुणे-लोणावळा लोकल गाठणाऱ्या मंडळींनो, चाक डगमगू लागलं तर लगेच तारा पिळू नका. सायकल उलटी करा आणि रिम धरून आडवी हलवा. खटखट जाणवली, तर दोष आसाजवळ आहे: कोन सैल झालाय किंवा छर्रे झिजलेत. खटखट नाही, पण फिरताना रिम एकाच जागी ब्रेकच्या रबराला घासते? मग चाकाला आऊट आहे. तार तुटली असेल तर आधी ती बदला. रिम डावीकडे झुकत असेल, तर त्या जागच्या उजव्या तारा चावीने पाव फेरा आवळा, डाव्या तेवढ्याच सैल करा. पाव फेराच, बरं का! फिरवून बघा, मग पुढचा पाव. खड्ड्यात आपटून रिमच मुडपली असेल, तर मात्र नवी घ्या.