ज्ञानाची वर्गणी

(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



आपली संस्था वर्गणीवर उभी राहिली, हे येथील वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. कुणी शंभर रुपये दिले, कुणी पाच दिले, तर कुणी बांधकामाच्या वेळी स्वतः विटा वाहिल्या. आज मीही वर्गणी मागण्यासाठीच उभा आहे. मात्र मला पैसे नकोत; तुमच्यापाशी जे ज्ञान आहे, त्यातले थोडे हवे आहे.

ही कल्पना माझी नव्हे. अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठात रोनाल्ड लापोर्ट हे साथरोगशास्त्राचे प्राध्यापक होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सुपरकोर्स’ नावाचा उपक्रम सुरू केला. त्यामागचा विचार अगदी साधा होता. शिक्षकाला वर्षभरात अनेक विषय शिकवावे लागतात. त्यांतले दोन-चार त्याच्या हातखंड्याचे असतात. बाकीचे तो रात्री जागून कसेबसे तयार करतो. मग प्रत्येकाने आपले उत्तम व्याख्यान स्लाइडच्या रूपात इंटरनेटवर ठेवले आणि इतरांनी ते मोफत घेऊन आपल्या वर्गात शिकवले, तर सर्वांचाच लाभ नाही का? पाहता पाहता तीन हजारांहून अधिक व्याख्याने जमली. दीडशेहून अधिक देशांतील माणसे या कामाशी जोडली गेली. जेथे इंटरनेट मंद होते तेथे सीडी पाठवल्या गेल्या. पुढे इजिप्तमधील अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयानेही हा संग्रह आपल्याकडे ठेवला.

२६ डिसेंबर २००३ रोजी पहाटे इराणमधील बाम शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले. कच्च्या विटांची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि पंचवीस हजारांहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर थोड्याच दिवसांत तेहरानचे डॉक्टर अली अर्दलान आणि पिट्सबर्गची मंडळी यांनी मिळून बामच्या भूकंपावर एक व्याख्यान तयार केले. जगभरच्या स्वयंसेवकांनी ते आपापल्या भाषांत नेले. बातमी ताजी असतानाच दूरदूरच्या वर्गांत मुले त्या भूकंपाविषयी शिकत होती. त्या वेळी इराण व अमेरिका यांच्यात राजनैतिक संबंध नव्हते. धडा मात्र दोन्हीकडच्या माणसांनी मिळून लिहिला.

बामचे वर्णन वाचले तेव्हा मला आपले किल्लारी आठवले. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट. गणेशविसर्जन आटोपून लोक नुकतेच झोपले होते. लातूर व त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे गेली, ती मुख्यतः दगडमातीच्या जाड भिंतींखाली आणि माळवदाच्या ओझ्याखाली. जी भिंत आपल्याला भक्कम वाटते, तिनेच घात केला. असे का व्हावे?

हे मुलांना समजावे म्हणून निवृत्तीनंतर मी बारा स्लाइडचा एक धडा तयार केला. भिंतीचे चित्र काढले, मोठ्या हौसेने वर्गात दाखवले. नववीतला एक मुलगा उठून म्हणाला, “सर, भिंत अशी एकजीव नसते. अब्बा सांगतात, ती दोन भिंतींची असते.” मी त्याच्या वडिलांना बोलावणे पाठवले. ते गवंडीकाम करतात. येताच म्हणाले, “सर, मी चौथी शिकलेला माणूस, मी काय सांगणार?” मी म्हटले, “भाई, बसा आणि सांगा.”

त्यांनी खडू घेऊन फळ्यावर काढून दाखवले. बाहेरचा एक थर, आतला एक थर आणि मधल्या पोकळीत माती व दगडांची कपच. दोन्ही थरांना जखडून ठेवणारा, आरपार जाणारा लांब दगड जर ठिकठिकाणी घातला नाही, तर हादरा बसताच दोन्ही थर सुटे होतात आणि भिंत पोट फुगून फुटते. भूकंप-अभियंत्यांच्या पुस्तकांत हेच लिहिलेले आहे. पुस्तके माझ्यापाशी होती, तरी चित्र चुकले होते. त्या दिवशी धडा सुधारला आणि पहिल्या स्लाइडवर माझ्या नावाशेजारी त्यांचे नाव गेले. तो मुलगा त्या आठवड्यात किती ताठ मानेने शाळेत वावरत होता, ते मी पाहिले आहे.

कुणी विचारील, फुकट मिळालेल्या धड्याचा भरवसा काय? प्रश्न रास्त आहे. सुपरकोर्समध्येही प्रत्येक व्याख्यानावर वाचकांकडून अभिप्राय मागवत असत. आपणही तसेच करू. एक धडा, दहा ते पंधरा स्लाइड, सोपी मराठी. माहिती कोठून घेतली ते शेवटी लिहावे. छायाचित्र दुसऱ्याचे असेल तर परवानगी घ्यावी. मग विषयाचा एक जाणकार आणि त्या इयत्तेतला एक विद्यार्थी अशा दोघांनी तो तपासावा. विद्यार्थी यासाठी, की कोठे समजत नाही हे त्याच्याइतके कुणालाच कळत नाही. चूक सापडली तर दुरुस्त करावी व दुरुस्तीची तारीख घालावी. त्यात कमीपणा मानू नये. मी मानला नाही.

पालकहो, तुमच्यात परिचारिका आहेत; जंतुसंसर्ग कसा पसरतो हे त्या सांगू शकतील. वायरमन आहेत, अर्थिंग का लागते हे ते दाखवू शकतील. मासेमारी करणारे आहेत. भरती-ओहोटी आणि चंद्र यांचे नाते ते रोज पाहतात. “आम्ही शिकलेलो नाही” असे कृपा करून म्हणू नका. लिहून घेण्यासाठी, टंकलेखनासाठी तुमची शिकणारी मुले आहेतच. मुलगा किंवा मुलगी आपल्या आईबापांकडून धडा उतरवून घेते आहे, हे दृश्य मला या संस्थेच्या घराघरांत पाहावयाचे आहे.

आपल्या भागात अशाही शाळा आहेत, जेथे विज्ञानाच्या शिक्षकाची जागा महिनोन्‌महिने रिकामी असते. तेथल्या मुलांपर्यंत तुमचा धडा मोबाइलवरूनही पोहोचू शकतो. पैशांची वर्गणी दिली की खिसा तेवढा हलका होतो. ही वर्गणी दिल्याने देणाऱ्याचे काही कमी होत नाही. उलट सांगता सांगता त्याचेच ज्ञान पक्के होते.

पुढील वार्षिक समारंभापर्यंत प्रत्येक कुटुंबाने एक धडा द्यावा, एवढीच माझी विनंती आहे.