कादंबरी वाचावी कशी?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आजच्या संमेलनात चार शब्द बोलावेत अशी चिटणिसांची आज्ञा झाली, तेव्हा प्रथम आम्ही नकारच दिला होता. आम्ही केवळ मॅट्रिक. त्यावर अध्यापनाचे प्रशिक्षण घेऊन जन्मभर मुले शिकविली, एवढीच आमची पुंजी. साहित्यावर बोलावयाचे ते विद्वानांनी. परंतु गेल्या वर्षीच्या गुणगौरवप्रसंगी मराठीत उत्तम गुण मिळविलेल्या आपल्यातल्याच एका मुलीस आम्ही सहज विचारले, "बाळ, कादंबरी कोणती वाचलीस?" ती म्हणाली, "वाचली नाही गुरुजी, पण कादंबरीचे घटक पाठ आहेत." आणि कथानक, पात्रे, वातावरण, संघर्ष, निवेदन, भाषा, आशय अशी नावे तिने एका दमात म्हणून दाखविली. मंडळींनी कौतुकाने टाळ्या वाजविल्या. आम्हीही वाजविल्या. घरी गेल्यावर मात्र झोप येईना. कारण अशी मुले घडविण्यात आमचा हात काही थोडा नाही. म्हणून आज उभे राहिलो आहोत.

हे घटक खोटे नाहीत. सुताराच्या पेटीत पटाशी, रंधा, गुण्या असतो, तसे ते आहेत. पण हत्यारांची नावे घोकून चौकट उभी राहत नाही. त्याला समोर लाकूड लागते. तेव्हा आपण एकच कादंबरी समोर घेऊ. व्यंकटेश माडगूळकर यांची 'बनगरवाडी' १९५५ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. १९५८ साली तिचे इंग्रजी भाषांतर झाले आणि १९९५ साली अमोल पालेकरांनी तिच्यावर चित्रपट केला, तो आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल. पुस्तक लहान आहे. दोन रविवारांत वाचून होते.

कथानक म्हणून काय आहे? संस्थानी अमदानीत एक पोरसवदा मास्तर माणदेशातील धनगरांच्या वाडीवर शाळा चालविण्यास येतो. पोरे शाळेत बसली तर मेंढरे कोणी राखावयाची, हा वाडीचा प्रश्न. हळूहळू मास्तर रुळतो. सर्वांच्या अंगमेहनतीने तालीम उभी राहते, तिच्यासाठी राजेसाहेब येतात. पुढे दुष्काळ पडतो, वाडी उठते, मास्तरही निघून जातो. यात गुंतागुंतीचे रहस्य नाही, खलपुरुष नाही, शेवटी लग्न नाही. कथानक ज्यास म्हणतात ते येथे जवळजवळ नाहीच, असे कोणी म्हणेल. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकाराने १९२७ साली एक भेद सांगितला आहे: एकामागून दुसरे घडले ही नुसती गोष्ट, एकामुळे दुसरे घडले हे कथानक. हा भेद लावून पाहिला की ध्यानात येते की या पुस्तकातील 'मुळे' हा शब्द माणसांच्या हाती फारसा नाहीच. तो पावसाच्या हाती आहे. मग वातावरण हा घटक आपण उत्तरपत्रिकेत दोन ओळींत उरकतो, तोच येथे कथानक चालविणारा ठरतो. घटकांना वेगवेगळ्या खणांत कोंबू नये असे आम्ही म्हणतो ते यासाठी.

पात्रांविषयी थोडक्यात सांगतो. कारभारी, आनंदा रामोशी, काकुबा, आयबू, बैलाच्या जोडीने स्वतः जुंपून घेणारी शेकूची बायको, ही माणसे लेखकाने गुणांची यादी देऊन उभी केलेली नाहीत. आनंदा भुरटा चोर आहे. पण 'वाईट' असे त्याच्या नावापुढे लिहू गेल्यास लेखणी अडखळते. जेथे अशी अडखळते, तेथे पात्र जिवंत आहे असे समजावे. स्वभाववैशिष्ट्ये पाच लिहा, असा प्रश्न काढणाऱ्यांत आम्हीही होतो. त्याबद्दल क्षमा असावी.

आमच्या मते सर्वांत मोलाचा घटक निवेदन होय, आणि शाळेत सर्वांत कमी वेळ त्यालाच मिळतो. सांगतो कोण, आणि त्याला काय ठाऊक नाही, हे दोन प्रश्न प्रत्येक कादंबरीस विचारावेत. हरिभाऊ आपट्यांनी १८९० पासून 'करमणूक' पत्रातून 'पण लक्षात कोण घेतो?' क्रमशः लिहिली, ती यमू नावाच्या मुलीच्या तोंडून. लिहिणारा पुरुष, बोलणारी मुलगी. तीच कथा घरातील एखाद्या वडीलधाऱ्या पुरुषाने सांगितली असती, तर आपल्या पणज्यांच्या पिढीने जे सोसले ते तिच्यात आले असते काय? 'बनगरवाडी'त सांगतो तो मास्तर. तो भला आहे, डोळस आहे, पण बाहेरचा आहे. अंजी त्याच्याजवळ चोळी शिवून आणण्यासाठी खण देते. मास्तर ते काम साध्या मनाने करतो आणि कारभाऱ्याचे मन त्याच्यावरून उडते. मास्तराला जे उपकाराचे वाटते, ते वाडीच्या डोळ्याला निराळे दिसते. आपण मास्तराच्या डोळ्यांनी वाचीत असल्यामुळे आपणही त्याच्याबरोबर फसतो. पुन्हा वाचताना मात्र थांबून, कारभाऱ्याच्या बाजूने ते पान पाहावे. आम्हांस हे फार उशिरा कळले, आणि तेही एका मुलाने शिकविले.

१९८४ साली आम्ही दुष्काळी भागातील एका गावी सातवीच्या वर्गावर होतो. वर्गात मेंढपाळांची मुले पुष्कळ. दर शनिवारी शेवटच्या तासाला आम्ही 'बनगरवाडी' मोठ्याने वाचीत असू. पुस्तक संपल्यावर टिपण लिहून घेतले: कादंबरीतील प्रमुख पात्र कोणते? आमच्या मनातले उत्तर 'मास्तर' असे ठरलेले. सर्वांनी तेच लिहिले. एका मुलाने 'कारभारी' लिहिले. आम्ही तांबड्या शाईने फुली मारली. तो मुलगा वही घेऊन टेबलाशी आला आणि म्हणाला, "गुरुजी, मास्तर तर शेवटी जातो की. कारभारी वाडीतच मरतो." आम्ही म्हणालो, "जो गोष्ट सांगतो तोच प्रमुख. जाऊन बस." तो बसला. त्यानंतर वर्षअखेरपर्यंत त्याने प्रत्येक उत्तर मार्गदर्शकातले लिहिले, आणि त्याला आम्ही पूर्ण गुण दिले.

मे महिन्यात आमची बदली झाली, आणि ती आम्हीच मागितलेली होती. सामान टेम्पोत चढविताना त्या मुलाचे वाक्य आठवले. त्याने 'प्रमुख' या शब्दाचा अर्थच निराळा धरला होता: जो त्या जागेचा आहे तो. त्याचे उत्तर आजही सर्वस्वी बरोबर आहे असे आम्ही म्हणणार नाही. मास्तरावाचून ती वाडी आपल्याला दिसलीच नसती. पण ते चूक तर नव्हतेच. त्याच्याजवळ पुस्तकातील आधार होता, आणि आधार असलेले उत्तर वाचकाचे स्वतःचे असते. आमच्याजवळ केवळ प्रश्नाचे ठरलेले उत्तर होते.

कादंबऱ्या वाचून गुण थोडेच मिळणार, असे आपल्यापैकी पुष्कळ पालक म्हणतात. त्यात तथ्य आहे. मार्गदर्शकानेच अधिक मिळतात. तरी घरी एक करून पाहावे. रात्री जेवणे झाल्यावर एकाने दहा पाने वाचावीत, इतरांनी ऐकावीत, आणि मुलांना एवढेच विचारावे: हे कोण सांगतो आहे, आणि दुसऱ्या कोणी सांगितले असते तर? आजीलाही विचारावे. तिची उत्तरे बहुधा निराळी येतात.

चिटणिसांची चिठ्ठी आली आहे, वेळ झाली. वर्गात वाचलेली 'बनगरवाडी'ची प्रत मंडळाच्या वाचनालयासाठी बरोबर आणली आहे. समासात जागोजागी आमच्या तांबड्या शाईच्या खुणा आहेत. वाचणाऱ्याने त्यांच्याकडे लक्ष देऊ नये.