उंटाच्या पुढे राहिलं की झालं

मी चिखलदऱ्याचा, धावतो हळू. पण मोरोक्कोतली ‘मॅरेथॉन दे साब्ल’ ऐकली का? सहारा वाळवंटात सुमारे 250 किलोमीटर, अनेक दिवस, आपलं जेवण आपल्याच पाठीवर. सगळ्यांत मागे उंट चालतात. त्यांनी गाठलं की तुम्ही बाद. म्हणजे आपली शर्यत उंटाशी!

आपल्या देशातही जैसलमेर ते लोंगेवाला 161 किलोमीटरची ‘द बॉर्डर’ आहे. मला ती वेळेत संपवायची आहे. म्हणून घाटात चढावर झपझप चालतो, उतारावर पळतो. चिखलदरा थंड, त्यामुळे उन्हाची सवय करायला खाली परतवाड्याला जातो. हळू धावणाऱ्याला ऊन जास्त तास लागते, भाऊ. तवा पाणी, मीठ अन् पायाचे फोड आधी सांभाळा. वेग मंग पाहू.