दार उघडणाऱ्यांचे ऋण

(हीरक महोत्सवानिमित्त शाळेत दिलेले भाषण)



शाळेच्या व्यासपीठावरून साहसी प्रवासाविषयी बोलायचे, तर मला प्रथम आठवतात ते आपल्या देशातील दोन शिक्षक. एकोणिसाव्या शतकात दोघेही तिबेटात गेले. त्या काळी तो देश परक्यांना बंद होता. ओळख उघडी पडली असती, तर प्राणावर बेतण्याची भीती होती.

पहिले पंडित नैनसिंह रावत. कुमाऊँमधील जोहार खोऱ्यातल्या मिलम गावचे हे शिक्षक. 1863 साली इंग्रज सरकारच्या सर्वेक्षण खात्याने त्यांची निवड केली आणि देहरादूनला त्यांची तयारी करून घेतली. चढ असो वा उतार, पाऊल एकाच लांबीचे पडले पाहिजे. दोन हजार पावलांचा एक मैल. हातातील जपमाळेत 108 ऐवजी 100 मणी होते. शंभर पावले झाली की एक मणी ओढायचा; माळेचे एक आवर्तन पुरे झाले, म्हणजे पाच मैल झाले. प्रार्थनाचक्रात मंत्राच्या जागी नोंदींचे कागद दडवलेले असत, तर उपकरणासाठी लागणारा पारा कवड्यांत भरलेला असे. पाणी किती तापमानाला उकळते हे पाहून ते ठिकाणाची उंची काढीत.

1865 साली ते नेपाळमार्गे निघाले आणि जानेवारी 1866 मध्ये ल्हासात पोहोचले. या प्रवासात त्यांनी सुमारे 1,200 मैल अंतर, म्हणजे जवळजवळ 25 लाख पावले, मोजली. ल्हासात जवळचे पैसे संपत आले, तेव्हा नेपाळी दुकानदारांना हिशेब शिकवून त्यांनी गुजराण केली. मास्तर कोठेही गेला तरी मास्तरच! तेथेच एका चिनी माणसाचा, तो परवानगीवाचून शहरात आला म्हणून, भररस्त्यात शिरच्छेद झालेला त्यांनी पाहिला. आणि तेथेच काश्मिरी वंशाच्या दोन मुसलमान व्यापाऱ्यांनी त्यांचे खरे रूप ओळखले. त्या दोघांनी ठरवले असते, तर एका शब्दात सारे संपले असते. त्यांनी मात्र ते गुपित जपले आणि वर, घड्याळ गहाण ठेवून घेऊन का होईना, पंडितांना कर्जही दिले.

पुढे 1877 साली लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने नैनसिंहांना सुवर्णपदक दिले आणि 2004 मध्ये आपल्या टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. हा गौरव सर्वस्वी योग्यच होता. त्या दोन व्यापाऱ्यांचे तिकीट मात्र कोणी काढले नाही.

दुसरे शिक्षक शरच्चंद्र दास. चितगावचे हे बंगाली गृहस्थ 1874 साली दार्जिलिंगच्या भुतिया बोर्डिंग स्कूलचे मुख्याध्यापक झाले. 1879 मध्ये ते ताशील्हुन्पोच्या मठात गेले. 1881 मध्ये पुन्हा निघून पुढील वर्षी ल्हासापर्यंत पोहोचले. त्यांना आश्रय दिला तो सेंगचेन लामा नावाच्या विद्वान धर्मगुरूंनी. या लामांना नव्या ज्ञानाची विलक्षण ओढ होती. ते दासांकडून गणित शिकले. शिळाप्रेस आपल्या देशात यावा, अशीही त्यांची इच्छा होती.

दासबाबू सुखरूप परतले. त्यांनी आणलेल्या ग्रंथांनी आणि 1902 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या तिबेटी-इंग्रजी कोशाने पुढील अभ्यासकांची वाट सोपी केली. पण ते इंग्रज सरकारसाठी माहिती गोळा करीत होते, हे तिबेटी राज्यकर्त्यांना कळले, तेव्हा शिक्षा झाली ती मागे राहिलेल्यांना. 1887 साली सेंगचेन लामांना नदीत बुडवून मारण्यात आले. ग्यांत्से येथील ज्या अधिकारी कुटुंबाने दासांना साहाय्य केले होते, त्याला तुरुंगवास भोगावा लागला.

मित्रहो, साहसाच्या कथा आपण नेहमी प्रवाशाच्या बाजूने ऐकतो. त्याने किती उंची गाठली, किती थंडी सोसली, याचा हिशेब लागतो. परक्याला दार उघडणाऱ्याने काय पणाला लावले, हा रकाना मात्र कोराच राहतो. दोघांच्या धाडसात एक मोठा भेद आहे. प्रवाशाला परत जाण्यासाठी घर असते; यजमान तेथेच राहतो आणि परिणाम त्याच्याच उंबरठ्याशी येतात.

आज सुदैवाने प्रवासासाठी कोणाचा जीव जात नाही, असे वाटेल. परंतु स्पीती, झांस्कार, दिबांग अशा वाटांवर आपली मुले जातात, तेव्हा त्यांचे ओझे कोणीतरी वाहत असते. त्या माणसाच्या पायांत आपल्याइतकेच चांगले बूट आहेत काय? तो आजारी पडला, तर त्याला खाली कोण आणणार? सीमेलगतच्या गावात परवान्यावाचून कॅमेरा उडवून आपण निघून आलो, तर चौकशी कोणाची होणार? ज्या गावाला आपण 'अज्ञात' म्हणतो, ते तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना अज्ञात नसते. नैनसिंहांचे मिलमच पाहा. एके काळी तिबेटशी चालणाऱ्या व्यापारावर ते नांदत होते. 1962 च्या युद्धानंतर तो व्यापार थांबला आणि गाव ओस पडत गेले. आज तेथे जाणाऱ्या गिर्यारोहकाला जी पडकी दगडी घरे दिसतात, ती कोणाची तरी वडिलोपार्जित घरे आहेत.

पालकहो, म्हणून मुलांना घरी बसवा, असे मी मुळीच म्हणणार नाही. त्यांना अवश्य जाऊ द्या. ती परत आली, म्हणजे छायाचित्रे पाहण्यापूर्वी एवढेच विचारा : तुला जेवू कोणी घातले? त्यांचे नाव काय? त्यांच्या घरात कोणकोण आहे? याची उत्तरे देता आली, तर मूल खरोखर प्रवास करून आले आहे, असे समजा.

हे ऋण आपल्याला नवे नाही. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांचे आजोबा-पणजोबा एक ट्रंक घेऊन अनोळखी शहरात उतरले. त्यांची भाषा न समजणाऱ्या कोणीतरी त्यांना पहिली खोली दिली, पहिल्या महिन्याचे वाणसामान उधार दिले. त्या आधारावर संसार उभे राहिले आणि मग मराठी शाळा उभ्या राहिल्या. या हीरक महोत्सवी वर्षात आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना ती नावे विचारा आणि लिहून ठेवा. सांगणारी माणसे आहेत, तोवरच हे काम होण्यासारखे आहे.