साडेतीन वर्षांची तयारी, आणि नाव कुणाचे?

(कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



काल रात्री जेवताना एकीने विचारले, "ताई, उद्या तू कायद्यावर बोलणार की हिंसाचारावर?" मी म्हटले, एका यंत्रावर. तिला वाटले मी थट्टा करते आहे. पण मी खरेच यंत्रावर बोलणार आहे. मी समाजकार्य शिकलेली बाई, विज्ञान दहावीनंतर सुटले. जे सांगते आहे ते शाळेतल्या एका मैत्रिणीकडून शिकले, आणि मग जमेल तसे वाचून पडताळून घेतले.

ही मैत्रीण भौतिकशास्त्रात पीएच.डी. करताना काही महिने जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या प्रयोगशाळेत होती. तिथे जमिनीखाली २७ किलोमीटर घेराचा गोल बोगदा आहे. त्यात प्रोटॉनचे दोन झोत उलटसुलट दिशांनी फिरवून एकमेकांवर आदळवतात. जिथे टक्कर होते तिथे, सुमारे शंभर मीटर खोल, 'सीएमएस' नावाचा डिटेक्टर बसवला आहे. लांबी २१ मीटर, उंची १५ मीटर, वजन १४,००० टन. टकरीतून कोणते कण उडाले, कुठे गेले, याचा माग काढायचा हे त्याचे काम. २०१२ साली हिग्ज बोसॉन सापडला तो याच्या आणि 'अ‍ॅटलास' या दुसऱ्या डिटेक्टरच्या नोंदींतून.

डिसेंबर २०१८ मध्ये टकरी थांबवल्या आणि ५ जुलै २०२२ ला पुढच्या फेरीसाठी पुन्हा सुरू केल्या. मधल्या साडेतीन वर्षांबद्दल बातम्यांत एकच वाक्य असायचे, की यंत्र बंद आहे. बंद कसले! घरात लग्न निघाले की महिनाभर आधी ज्या बायका उठून कामाला लागतात, त्यांना विचारा घर बंद होते का.

त्या काळात हा अवाढव्य डिटेक्टर पावाच्या लादीसारखा तुकड्यातुकड्यांनी सरकवून उघडला. टकरीच्या अगदी जवळचा सिलिकॉनचा थर किरणोत्साराने झिजलेला होता, तो बदलला. आतली झोताची नळी नवी घातली. आणि म्यूऑन नावाच्या कणांसाठी 'जेम' प्रकारच्या १४४ नव्या पेट्या बसवल्या. माझी मैत्रीण या पेट्यांवर काम करत होती, म्हणून त्यांच्याविषयी थोडे सविस्तर सांगते.

पेटीत प्लास्टिकचा एक पापुद्रा असतो, ५० मायक्रॉन जाडीचा, म्हणजे केसाहून बारीक. त्याला दोन्ही बाजूंनी तांब्याचा मुलामा, आणि अंगभर छिद्रे, प्रत्येक सुमारे ७० मायक्रॉन रुंदीचे. असे तीन पापुद्रे एकावर एक ताणून बसवतात, मध्ये गॅस भरतात, वर विजेचा दाब देतात. कण आरपार गेला की गॅसमधले इलेक्ट्रॉन सुटतात, प्रत्येक छिद्रातून जाताना वाढत जातात आणि शेवटी मोजता येईल एवढा इशारा मिळतो. पण छिद्रात धुळीचा एक कण अडकला तर ठिणगी पडते आणि तो भाग निकामी होतो. म्हणून डोक्यापासून पायापर्यंत झाकून स्वच्छ खोलीत बसायचे. या पेट्यांत पापुद्रा ताणायला डिंक वापरत नाहीत. कडेचे स्क्रू एकेक करून, सारख्या ताकदीने पिळायचे. एक जास्त पिळला गेला की सुरकुती. मग पेटीत गॅस भरून तोंड बंद करायचे आणि तासभर दाब किती उतरतो ते लिहीत राहायचे. उतरला, की गळती. पुन्हा उघडायची.

या पेट्या अनेक देशांत जुळवल्या गेल्या, त्यांत भारत होता आणि पाकिस्तानही. या कामाची उभारणी करणाऱ्यांत अर्चना शर्मा या भारतीय बाई पुढे होत्या, हेही मला तेव्हाच कळले.

सगळे बसवून झाल्यावर टकरी नसताना यंत्र तपासायचे कसे? आकाशातून येणाऱ्या म्यूऑनांवर. ते शंभर मीटर माती भेदून खाली पोचतात, फुकट आणि रात्रंदिवस. आधी चुंबक बंद ठेवून हे कण मोजतात, मग चुंबक चालू करून. ऑक्टोबर २०२१ मध्ये थोडा काळ कमी ऊर्जेचा झोत सोडून चाचणी झाली.

मैत्रीण दिवाळीला घरी आली तेव्हा काकांनी विचारले, "मग शोध काय लावलास?" ती म्हणाली, "गळती." सगळे हसले, तीही हसली. पण परत गेल्यावर ज्या समितीपुढे तिच्या शिष्यवृत्तीची मुदतवाढ होती, तिथेही तोच प्रश्न झाला आणि तिथे कुणी हसले नाही. हे तंत्रज्ञाचे काम, संशोधनात धरता येणार नाही, असा शेरा पडला. मुदतवाढ मिळाली नाही. पुढचे वर्ष तिने शिकवण्या घेऊन काढले.

गंमत अशी, की त्या प्रयोगाचा स्वतःचा नियम याच्या नेमका उलट आहे. निबंधावर लेखक म्हणून नाव यायला नवख्याला आधी डिटेक्टरसाठी किंवा त्याच्या संगणकव्यवस्थेसाठी ठरलेले सेवाकाम करावे लागते. अ‍ॅटलासमध्ये ते किमान ८० दिवसांचे. नावे आडनावांच्या अक्षरक्रमाने, लहानमोठे असा भेद नाही. २०१५ मध्ये दोन्ही प्रयोगांचा मिळून एक निबंध निघाला. ३३ पानांचा, त्यात २४ पाने नुसती नावे आणि संस्था. लेखक ५,१५४! मला ती २४ पाने फार आवडली. अर्थात यादी सगळ्यांची नाही. क्रेन चालवणारे, जोडारी, खोली स्वच्छ ठेवणारे तिथेही बहुतेक बाहेरच.

आणि हा नियम आपोआप आलेला नाही. १९४७ मध्ये ब्रिस्टलला पायॉन हा कण सापडला तो फोटोच्या काचांवर. त्या काचा सूक्ष्मदर्शकाखाली इंच इंच तपासणाऱ्या मुली होत्या. मारिएट्टा कुर्झ हिला ती पहिली खूण दिसली. नोबेल १९५० साली त्यांच्या प्रमुखाला, सेसिल पॉवेल यांना मिळाले. त्याआधी कलकत्त्याच्या बिभा चौधुरी यांनी देवेंद्रमोहन बोस यांच्याबरोबर दार्जिलिंग आणि संदकफूच्या उंचीवर अशाच काचा ठेवून मेसॉनचे माग शोधले होते. युद्धामुळे चांगल्या काचा मिळाल्या नाहीत, काम अडले. १९४९ मध्ये त्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या पहिल्या स्त्री-संशोधक झाल्या. २०१९ मध्ये एका ताऱ्याला त्यांचे नाव मिळाले. त्या १९९१ मध्येच गेल्या होत्या.

आता आपल्या घरातले सांगते. आमच्या गटाने घरकामगार बायकांची पाहणी केली. अकरा जणी पाच महिने वस्त्यांत फिरल्या. दुपारी घरे बंद, म्हणून रात्री गेल्या. प्रश्नावली दोनदा बदलली, कारण "तुम्ही काम करता का?" या प्रश्नाला निम्म्या बायका "नाही" म्हणायच्या. हे त्यांनीच ओळखले, मी नाही. अहवाल मी लिहिला. मुखपृष्ठावर नावे दोन, माझे आणि आमच्या सल्लागारांचे. आत आभार "सर्व कार्यकर्त्यांचे". अहवाल हातात आल्यावर अकरांतली एक पाने उलटत राहिली. मग म्हणाली, "ताई, माझं नाव कुठंय?" मी तिला आभाराचे पान दाखवले. माझ्या मैत्रिणीच्या समितीवर मी संतापले होते, त्याला तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते.

दुसरी आवृत्ती काढायची आहे. अकरा नावे मुखपृष्ठावर, अक्षरक्रमाने, असे माझे म्हणणे. सल्लागारांचे म्हणणे, अशाने अहवालाला सरकारदरबारी वजन राहणार नाही. आणि अकरांतल्या दोघी म्हणतात, आमचे नाव छापूच नका, नवरा वाचेल. या दोघींचे काय करायचे ते आम्हाला अजून ठरवता आलेले नाही. चहानंतर त्यावर बोलू.