परराष्ट्रनीति आणि सामान्य नागरिक

परराष्ट्रनीति हा शब्द कानीं पडला कीं आपल्यासारख्या गृहस्थांना वाटतें, हा विषय वकिलातींतल्या मुत्सद्द्यांचा. आपला त्याच्याशीं संबंध वर्तमानपत्राच्या मथळ्यापुरता. मीहि मुत्सद्दी नव्हे. परंतु या विषयांत तुमचा-माझाहि वांटा आहे, असें मला वाटतें. तो कोणता, हें एका उदाहरणानें सांगतों.

बंगालच्या उत्तरेस कूचबिहार नांवाचें संस्थान होतें. अठराव्या शतकाच्या आरंभीं मोंगलांशीं झालेल्या तहानंतर त्याचीं कांहीं गांवें मोंगली मुलुखांत राहिलीं आणि मोंगलांचीं कांहीं संस्थानांत. आपल्याकडे सांगली संस्थानचीं मंगळवेढें, तेरदाळ, शिरहट्टी हीं ठिकाणें अशींच विखुरलेलीं होतीं. पण मध्यें परदेश नव्हता. १९४७ ची फाळणी आणि १९४९ सालीं कूचबिहारचें भारतांत झालेलें विलीनीकरण यांमुळें त्या गांवांभोंवतीं मात्र आंतरराष्ट्रीय सीमा उभी राहिली. भारताचे १११ तुकडे आजच्या बांगलादेशांत अडकले, तिकडचे ५१ आपल्याकडे. बंगालींत त्यांना छिटमहाल म्हणतात. तेथील माणसाला स्वतःच्या देशांत जाण्यासाठीं परदेश ओलांडावा लागे. रुग्णालयांत जावयाचें तर शेजारच्या गांवांतील कोणा परक्याचें नांव बाप किंवा पति म्हणून सांगण्याची पाळी कित्येक स्त्रियांवर येई.

हे तुकडे एकमेकांस देऊन टाकावे, असा करार १६ मे १९७४ रोजीं इंदिरा गांधी व शेख मुजीबुर रहमान यांनीं केला. बांगलादेशानें त्याच वर्षीं मान्यता दिली. आपल्या संसदेची मान्यता मिळाली ती मे २०१५ मध्यें, शंभराव्या घटनादुरुस्तीनें. ३१ जुलैच्या मध्यरात्रीं अदलाबदल झाली. मध्यें ४१ वर्षें गेलीं.

हा विलंब केवळ आळसाचा नव्हे. देशाची भूमि द्यावयाची तर घटनादुरुस्ती हवी, असें सर्वोच्च न्यायालयानें १९६० सालीं बेरुबारीच्या प्रकरणीं सांगितलें होतें, आणि तें योग्यच होतें. शिवाय या व्यवहारांत आपण सुमारें १७,१६० एकर दिले व ७,११० एकर घेतले. हा आंकडा प्रथम वाचला तेव्हां माझ्याहि मनांत कालवाकालव झाली. परंतु जेथें आपला पोलीस, शिक्षक वा डॉक्टर पोहोंचूं शकत नव्हता, ती जमीन नकाशावर आपली होती, इतकेंच. तिच्यावरचीं माणसें मात्र खरीं होतीं. दोन्हीं बाजू मिळून ५० हजारांवर. त्यांना नागरिकत्व निवडण्याची मुभा मिळाली. बांगलादेशांतील आपल्या तुकड्यांतून सुमारें हजार लोकांनींच भारत निवडला. बाकीच्यांना आपलें घर सोडावयाचें नव्हतें.

आतां प्रादेशिक सहकार्याकडे पहा. सार्क ही दक्षिण आशियाची संघटना १९८५ सालीं ढाक्यांत जन्मास आली. २०१६ ची इस्लामाबादची परिषद रद्द झाली आणि शिखर परिषदांची परंपरा खुंटली. म्हणून सहकार्यच संपलें असें नव्हे. ऑगस्ट २०२४ मध्यें ढाक्यांत सत्तांतर होऊन दिल्लीशीं दुरावा आला. तरीहि त्याच नोव्हेंबरांत नेपाळची ४० मेगावॉट वीज भारताच्या तारांवरून बांगलादेशांत पोहोंचली. २०१५ ची सीमाहि जागच्या जागीं राहिली. उलट तिस्तेच्या पाण्याचा करार २०११ सालीं सह्यांच्या वेळेपर्यंत येऊन अडला, आणि दोन्हीं तीरांवरच्या शेतकऱ्यांचा प्रश्न तसाच राहिला. सरकारें बदलतात, पुरें झालेलें काम मागें राहतें, अर्धें राहिलेलें काम कटुता वाढवितें.

या बाबतींत नागरिकाचा वांटा हाच कीं, देवाणघेवाणीला त्यानें समजून संमति द्यावी. देशाचें संरक्षण ढिलें करा, असें मी म्हणत नाहीं. परंतु 'शेजाऱ्यास तसूभरहि देणार नाहीं' असें सांगणाऱ्या वक्त्यास टाळी देण्यापूर्वीं आपण विचारावें: न दिल्यानें आपण राखलें काय, आणि त्याची किंमत कोण भरतो आहे? त्या ४१ वर्षांची किंमत तुम्हांआम्हांस पडली नाहीं. खोटें नांव सांगून रुग्णालयाच्या दारांत उभ्या राहिलेल्या त्या स्त्रियांनीं ती भरली.