आधी कोण, मागून कोण?

सुरतेच्या लिंबायत भागात खानदेशातून आलेल्या कुटुंबांची दाट वस्ती आहे. तेथील कित्येक घरांचे घड्याळ यंत्रमागाच्या पाळीवर चालते. गेल्या वर्षी एका शनिवारी सायंकाळी मला चार विद्यार्थ्यांच्या घरी जावयाचे होते. त्या घरांना आपण अ, ब, क, ड म्हणू.

‘अ’चे वडील मुलाला शाळेतून काढून मागावर बसविणार होते. ते ऐकत फक्त ‘क’च्या मामांचे, मामांना बरोबर नेणे भाग होते. म्हणून क आधी, अ मागून. ‘अ’चे वडील रात्रपाळीस निघून गेल्यावरच ‘ब’ची आई कामावरून परते, म्हणून अ आधी, ब मागून. ‘क’चे घर मला ठाऊक नव्हते, ते ‘ब’ची थोरली बहीण दाखविणार होती; म्हणून ब आधी, क मागून. कागदावर बाण काढले, तो ते फिरून पहिल्याच घरी आले!

बाणांच्या अशा आकृतीला दिशायुक्त आलेख म्हणतात. जॉर्ज बूल यांनी 1854 साली ग्रंथरूपाने मांडलेल्या खऱ्या-खोट्याच्या बीजगणितात तो उतरविता येतो. प्रत्येक जोडीसाठी एक वाक्य घ्यावयाचे: ‘अ हे ब च्या आधी’. ते खरे तरी असेल, नाही तर खोटे. चार घरांच्या जोड्या सहा, म्हणून खऱ्या-खोट्याच्या मांडण्या 64. मग नियम असा, की कोणत्याही तीन घरांभोवती बाणांचे वर्तुळ होता कामा नये. त्रिकुटे चार, प्रत्येकात वर्तुळे दोन, एक उजवे व एक डावे. असे नियम आठ. ते पाळणाऱ्या मांडण्या उरतात 24, आणि चार घरांचे क्रमही तितकेच! त्यांवर माझ्या तीन अटी घातल्या, की एकही उरत नाही. मी उगाच तासभर क्रम जुळवीत बसलो होतो.

नुसत्या बाणांतील वर्तुळ हुडकणे सोपे. पण 1971 साली स्टीफन कुक यांनी दाखविले, की ज्यांचे उत्तर हाती आल्यावर ते चटकन पडताळता येते, अशी सारी कोडी या खऱ्या-खोट्याच्या कोड्यात उतरविता येतात. ती सर्व झटपट सोडविणारी हमखास रीत आहे की नाही, हे आजही अनिर्णित आहे.

माझे कोडे मात्र एक अट गाळताच सुटले. आदल्या दिवशी शाळेतच ‘क’कडून गल्लीचा नकाशा काढून घेतला. मग क, अ, ब, ड असा गेलो. मामा बरोबर होते. ‘अ’च्या वडिलांनी डबा उचलता उचलता दहावीपर्यंतची मुदत दिली.